‘चर्चा नको, याच अधिवेशनात कायदा करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर दोन बाण, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी पाटी, शेवटी जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: द्वेष पसरवणाऱ्यांना आणि अतिरेकी विचारांच्या लोकांना आवरायला देशात कायदाच नाही. तेव्हा संसदेने याच अधिवेशनात, चर्चेचं गुऱ्हाळ न लावता, कडक आणि अजामीनपात्र कायदा करावा. सज्जनांनी घाबरायचं कारण नाही. गैरवापर झालाच तर कोर्ट आहे. आणि जो विरोध करेल तो द्वेष करणाऱ्यांच्या बाजूचा समजावा.

आमच्या नेरूळच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठे देणाऱ्यांत मी मानतो अशी माणसंही आहेत आणि त्यांचा राग खोटा नाही. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली काय झालं हे या भागातल्या साठी उलटलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. भाषणांनी माणसं मरतात, हे मान्य करूनच लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की घाईने केलेल्या अशा कायद्यातून भाषण ठोकणारा सुटतो आणि भलताच कोणीतरी अडकतो. त्याचे दाखले शोधायला दिल्लीला जायला नको. पालघर, कळंबोली आणि तळोजा एवढं पुरे.

‘कायदाच नाही’

आहे, आणि एक नाही. धर्म, वंश, भाषा, जात यांवरून लोकांत वैर माजवणाऱ्याला शिक्षा सांगणारं भारतीय दंड संहितेतलं १५३अ कलम १८९८ सालचं. मुद्दाम, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५अ हे १९२७ चं. अफवा आणि चिथावणीसाठी ५०५. १ जुलै २०२४ पासून हीच कलमं भारतीय न्याय संहितेत १९६, २९९ आणि ३५३ या क्रमांकांनी आली. निवडणुकीच्या प्रचारात वैर पसरवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५ वेगळं आहे. बेकायदा संघटनांसाठी १९६७ पासून यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे. एवढं सगळं असताना ‘कायदाच नाही’ हे वाक्य पुढे ढकलायला माणसाचा अंगठा कसा धजावतो, कोण जाणे.

सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये प्रवासी भलाई संघटनेच्या याचिकेवर हेच सांगितलं होतं की दुखणं कायद्याच्या अभावाचं नाही, अंमलबजावणीचं आहे. पुढे २१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना आणि २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना आदेश दिला: तक्रारदाराची वाट पाहू नका, स्वतःहून गुन्हा नोंदवा, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका, टाळाटाळ केलीत तर तो न्यायालयाचा अवमान धरू.

बरं, गुन्हे नोंदले जात नाहीत असंही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार १५३अ खाली २०१४ मध्ये देशभरात ३२३ गुन्हे नोंदले गेले, २०२० मध्ये १,८०४. सहा वर्षांत साडेपाच पट. त्याने द्वेषाची भाषणं तितक्या पटीने कमी झाली, असं तो मेसेज पाठवणारासुद्धा म्हणणार नाही.

मग घोडं अडतं कुठे? मंत्रालयात. १५३अ किंवा २९५अ खालचा खटला न्यायालयात उभा राहायचा तर आधी सरकारची लेखी मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९६ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत २१७ आहे. पोलिसांनी तपास केला, आरोपपत्र लिहिलं, तरी मंजुरीचा कागद आल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. भाषण करणारा सत्तेतला असो, सत्तेच्या मर्जीतला असो किंवा उद्या सत्तेत येईल अशी भीती असलेला असो, त्याची फाइल त्या टेबलावर झोपी जाते.

आपल्याकडचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण १९९२-९३ च्या दंगलींच्या काळातल्या ‘सामना’तल्या अग्रलेखांचं. त्यांवर खटला भरायला सरकारने मंजुरी द्यावी म्हणून उच्च न्यायालयात गेलेल्यांत जे. बी. डिसूझा होते. हे कोणी चळवळे गृहस्थ नव्हेत. राज्याचे माजी मुख्य सचिव, आणि नवी मुंबई कागदावरून जमिनीवर येत होती त्या काळात सिडकोचे व्यवस्थापकीय संचालक. १९९४ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. पुढे सरकारं बदलली, आणि जुलै २००० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली. सगळी मुंबई त्या दिवशी श्वास रोखून बसली होती. त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी खटला मोडीत काढला, कारण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांत घ्यावी लागते आणि ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. अग्रलेख बरोबर होते की चूक, हा मुद्दाच न्यायालयासमोर आला नाही.

यात कलम कमी पडलं का? शिक्षा कमी होती म्हणून असं झालं का? कायदा शंभर वर्षांचा होता, आरोपी समोर होता, लिखाण छापील होतं, लेखक कोण हे सांगायला तपास लागत नव्हता. नव्हता तो वेळेवर सही करणारा हात. नवा कायदा आणलात तरी फाइल त्याच मजल्यावर जाणार. आणि नव्या कायद्यात मंजुरीची अटच काढून टाकली तर? तर मग कोणत्याही ठाण्यातला कोणताही अधिकारी कोणाचंही भाषण उचलेल, आणि जोरदार माणसाचं उचलणार नाही. ते कसं होतं, ते पुढे येतंच आहे.

‘चर्चा म्हणजे वेळकाढूपणा’

इथे थोडं रेंगाळतो, कारण मेसेजचा सगळा जोर याच वाक्यावर आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. देश पेटला होता, आणि ‘आता बोलणं पुरे, कायदा करा’ हीच भाषा तेव्हाही होती. १६ डिसेंबरला यूएपीएतली दुरुस्ती लोकसभेत मांडली, १७ ला तिथे मंजूर, १८ ला राज्यसभेत मंजूर. एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा त्याच्याच बरोबरीने. चारपाच दिवसांनी, अधिवेशनाच्या अखेरच्या गोंधळात, माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती लोकसभेत चर्चेविना पार झाली. तिच्यात एक छोटं कलम होतं, ६६अ. संगणकावरून किंवा फोनवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोयीचं म्हणजे कोणाच्या, हे विचारायला सभागृहात कोणी उभंच राहिलं नाही.

आता २०१२ चा नोव्हेंबर बघा. १७ तारखेला बाळासाहेब गेले, १८ ला मुंबई आणि आसपास सगळं बंद. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की अशी माणसं रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १९ ला दोघींना अटक. लिहिणारीलाही आणि लाइक करणारीलाही. पोलिसांनी आधी लावलं होतं ते २९५अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याचं कलम. बंदविषयीच्या पोस्टला! मग ते काढून ५०५(२) लावलं, आणि जोडीला ६६अ. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच.

दोन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, येरवड्यात कसाबला फाशी झाली. त्याच्यावरचा खटला चालला तो हल्ल्याच्या आधीपासून पुस्तकात असलेल्या कायद्यांखाली. तसाच चालू शकत होता, कारण घटनेच्या २० व्या अनुच्छेदाप्रमाणे गुन्हा घडल्यानंतर केलेला फौजदारी कायदा त्या गुन्ह्याला लावून शिक्षा देता येत नाही. म्हणजे एकाच आठवड्यात असं घडलं की ज्या हल्ल्याच्या संतापात संसद तीन-तीन दिवसांत कायदे पार करत होती, त्याचा आरोपी जुन्या कायद्याने फासावर गेला, आणि त्या डिसेंबरात न वाचता मंजूर झालेल्या कलमाने पालघरच्या दोन मुली गजाआड गेल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. न वाचता पास झालेलं कलम उखडायला सहा वर्षं गेली. आणि तरी ते मेलं नाही. २०२१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे ठेवले: रद्द झाल्यानंतरही देशभरात या कलमाखाली तेराशेवर गुन्हे नोंदले गेले होते, आणि त्यांत सगळ्यांत वरचा नंबर महाराष्ट्राचा, ३८१. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर जुनी पुस्तकं असतात, सवयी त्याहून जुन्या.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेचंच बघा. दीडशे वर्षांच्या फौजदारी कायद्याची जागा घेणारी तीन विधेयकं २० आणि २१ डिसेंबर २०२३ ला संसदेने मंजूर केली, तेव्हा त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित होते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या मोजणीप्रमाणे पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडे छाननीला गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. तेव्हा संसदेत चर्चा फार होते आणि कायदे रखडतात, ही तक्रारच उलटी आहे.

चर्चेने होतं काय, असं विचारणाऱ्यांसाठी जवळचं उदाहरण. कडव्या डाव्या संघटनांना आवरायचं म्हणून आणलेलं राज्याचं जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये पावसाळी अधिवेशन संपताना मांडलं गेलं. तेव्हा ते पास झालं असतं तर पोलीस उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी या कायद्याखाली तपास करू शकला असता. ते बारगळलं, पुन्हा आलं, चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, लोकांच्या बारा हजारांवर सूचना आल्या, आणि तीन बदल झाले: कायद्याचा रोख कोणावर हे शीर्षकात आलं, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपअधीक्षकाच्या खाली जाणार नाही असं ठरलं. माझ्या मते कायदा तरीही नको होता, आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाच्या वेळी डहाणूचे विनोद निकोले हे एकटेच विरोधात उभे राहिले, याची विरोधी बाकांना लाज वाटायला हवी. पण वर्षभराच्या ‘वेळकाढूपणा’तून उपनिरीक्षकाच्या हातातला दंडुका तरी निघाला, हे खरं.

इंग्रजांनीसुद्धा १९२७ मध्ये २९५अ आणताना, लाहोरात पुस्तिकेवरून वातावरण तापलेलं असताना, विधेयक निवड समितीकडे पाठवलं होतं. समितीतल्या जिनांनी तेव्हा बजावलं होतं की इतिहासाचं संशोधन करणारे आणि धर्माची प्रामाणिक टीका करणारे यांना या कलमापासून संरक्षण हवं. परक्यांचं सरकार जे करायला तयार होतं ते आपण आपल्या संसदेला करू नको म्हणायचं?

‘सज्जनाला भीती कशाला?’

सज्जन कोण हे ठरवणारा प्रत्येक सरकारात वेगळा असतो, म्हणून.

पोटा या दहशतवादविरोधी कायद्याचा किस्सा कोणाला आठवत असेल तर आठवा. संसदेवरच्या हल्ल्यानंतरचा काळ. राज्यसभेत विधेयक पडलं म्हणून २६ मार्च २००२ ला संयुक्त बैठक बोलावून ते ४२५ विरुद्ध २९६ मतांनी पास केलं. बाजूने असलेल्या सत्ताधारी आघाडीत तमिळनाडूचे वायको यांचा पक्ष होता. चार महिनेसुद्धा गेले नाहीत. जुलैमध्ये परदेशातून परतताना चेन्नई विमानतळावर याच वायकोंना पोटाखाली अटक झाली, श्रीलंकेतल्या तमिळ वाघांच्या बाजूने एका सभेत बोलल्याबद्दल. अटक करणारं सरकार त्यांच्या विरोधकांचं, जयललितांचं. विद्यमान खासदार दीड वर्षाहून जास्त काळ तुरुंगात राहिला. आपण ज्याच्या बाजूने उभे राहिलो तो कायदा आपल्यालाच लागू शकतो, हे त्यांना तिथे कळलं असावं.

आपल्या दारात या. मे २०२२ मध्ये शरद पवारांविषयी दुसऱ्या कोणाची तरी कविता फेसबुकवर टाकली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे यांना कळंबोलीतून ताब्यात घेतलं गेलं आणि ठाणे पोलिसांनी अटक केली. मजकूर हीन होता, हे म्हणायला मला काही वाटत नाही. पण लावलेल्या कलमांत १५३अ होतं. एका नेत्याच्या आजारपणावर आणि दिसण्यावर केलेली गलिच्छ टीका म्हणजे दोन समाजांत वैर माजवणं? राज्यभरात वीसहून अधिक गुन्हे, महिनाभराहून जास्त कोठडी. २०१२ ला सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, २०२२ ला महाविकास आघाडीचं. मेसेज पाठवणाऱ्यांना हे सरकार आपलं वाटत असेल, तर त्यांनी पुढच्याचा विचार करून ठेवावा.

आणि बेळगाव. कर्नाटक सरकारने द्वेषमूलक भाषण आणि द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धचं विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये आणलं, आणि विधानसभेत ते १८ तारखेला गोंधळातच मंजूर झालं. अधिवेशन चालू होतं बेळगावलाच. एक ते सात वर्षं कैद, अजामीनपात्र, आणि ज्या आधारांवरचा द्वेष गुन्हा ठरतो त्यांत धर्म-जातीबरोबर भाषाही आहे. १ नोव्हेंबरला बेळगावात काळा दिन पाळणाऱ्या एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांवर गुन्हे दाखल होणं काही नवीन नाही. हे लागू झालं तर तिथल्या ठाण्याच्या हातात आणखी एक हत्यार येईल. ‘बेळगाव महाराष्ट्रात आलंच पाहिजे’ हा कानडी माणसाविषयी द्वेष आहे की नाही, हे तिथला फौजदार ठरवणार. आपल्याकडच्या ज्या मंडळींनी ‘कर्नाटकाने करून दाखवलं’ म्हणून टाळ्या वाजवल्या, त्यांत मराठीच्या मोर्चासाठी जुलै २०२५ मध्ये मिरा रोडला गेलेलेही आहेत. तसा कायदा इथे असता तर त्या मोर्चातल्या किती घोषणा त्यात बसल्या असत्या, हे त्यांनीच मोजावं.

जनसुरक्षा विधेयकाच्या व्याख्येत, कायद्याने प्रस्थापित संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही बेकायदा कृत्यांत बसवलं आहे. नवी मुंबईत बसून हे वाचताना मला जासई आठवते. जानेवारी १९८४, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोला जमीन द्यायला नकार देणारे शेतकरी, १६ आणि १७ तारखेचा गोळीबार, पाच हुतात्मे. प्रस्थापित संस्थेची अवज्ञा नाही तर काय होती ती? त्या अवज्ञेतून, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली. आज विमानतळाला त्यांचं नाव हवं म्हणून सगळे पक्ष एका सुरात बोलतात, आणि त्यांनी जे केलं ते करायला सांगणाऱ्याला बेड्या घालणारी व्याख्याही मंजूर करतात.

(ग्रुप ॲडमिन मंडळींसाठी एक सांगून ठेवतो. सदस्याने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन म्हणून तुम्ही जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. नव्या घाईच्या कायद्यात ते टिकेलच, असं मी तरी छातीठोक सांगणार नाही.)

‘अजामीनपात्र केलं की वचक बसेल’ आणि ‘गैरवापर झाला तर कोर्ट आहे’

हे दोन मुद्दे वेगळे लिहिलेत, पण ते एकमेकांचा गळा धरतात. जामीन बंद केला की कोर्टात निर्दोष ठरेपर्यंतची वर्षं तुरुंगातच जातात. मग कोर्ट असून उपयोग काय?

टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये आला तो दिल्लीतल्या ट्रान्झिस्टर बॉम्बांनंतर, दोन वर्षांपुरता म्हणून. राहिला दहा वर्षं. पाऊण लाखाच्या वर माणसं धरली, शिक्षा झाली ती अगदी मूठभरांना. यूएपीएचा हिशेब गृह खात्यानेच फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत दिला: २०१६ ते २०१९ या काळात ५,९२२ जणांना अटक, १३२ जण दोषी. खटले लांबतात म्हणून आकडा इतका कमी दिसतो, हे मान्य. पण खटला लांबतो तेव्हा आरोपी कुठे असतो?

उत्तर खारघरच्या पलीकडे आहे. डिसेंबर २००८ च्या त्या तीन दिवसांच्या दुरुस्तीत ४३ड(५) नावाचं पोटकलम आलं: पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देता येणार नाही. पुण्यातल्या २०१७ च्या सभेवरून उभ्या राहिलेल्या एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी तळोजा कारागृहात वर्षानुवर्षं राहिले ते या पोटकलमामुळे. ते दोषी की निर्दोष हे न्यायालय सांगेल, मी नाही. पण त्यांतलेच एक, आदिवासींमध्ये काम करणारे ८३ वर्षांचे पाद्री स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे आले, तेव्हा कंपवाताने त्यांना पेला धरता येत नव्हता. नोव्हेंबरात त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज केला. एनआयएने उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ ला ते गेले, कोठडीतच, खटला उभा राहण्याआधी. त्यांच्यासाठी ‘कोर्ट आहे’ या वाक्याचा अर्थ काय होता?

याच तुरुंगाने दुसऱ्या एका आरोपीला घरून आलेलं इंग्रजी विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून परत पाठवलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर ‘हास्यास्पद’ असा शेरा मारला. कोर्ट आहे, हे असं आहे. ते शेरा मारतं, कलम रद्द करतं, कधी जामीनही देतं. सगळं नंतर.

शिवाय वचक बसतो तो कोणावर? सभेत तोंड सोडणाऱ्या पुढाऱ्यामागे वकिलांची फौज असते. अटक झाली तर त्याच्या दारात गर्दी जमते आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा भाव वाढतो. घाबरतो तो कॉलेजातला पोरगा, छोट्या यूट्यूब चॅनेलवाला, पगारावर जगणारा. कारण त्याची नोकरी पहिल्या नोटिशीलाच जाते.

‘विरोध करणारे द्वेषाच्या बाजूचे’

यावर काय बोलायचं. मुद्दे संपले की माणसावर घसरायचं, ही आपल्या ग्रुपांची जुनी खोड आहे. वायकोंनी पोटाला विरोध केला नव्हता.

मग करायचं काय?

हा प्रश्न मेसेजमध्ये नाही, पण एका शेजाऱ्याने विचारला आणि तो रास्त आहे.

भिवंडीकडेच बघा. दोन मोठ्या दंगलींनी पोळलेलं हे गाव डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई जळत असताना, शांत राहिलं. त्याआधीची चारेक वर्षं तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. पुढारी बाजूला ठेवून दोन्ही समाजांतली साधी माणसं नियमाने एकत्र बसवायची, सोबत बीटवरचा पोलीस, आणि विषय बहुतेक वेळा पाणी, गटार, पार्किंग, भांडणं असले. अफवा उठली तर ती तपासायला कोणाला फोन करायचा हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यासाठी संसदेला एक ओळही लिहावी लागली नव्हती. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं श्रेय सभेत घेता येत नाही, म्हणूनच ते सगळीकडे झालं नसावं.

दुसरं काम कोणालाही घरबसल्या करता येईल. मंत्रालयातल्या गृह विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला माहिती अधिकारात अर्ज: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ आणि त्याआधीच्या कलम १९६ खाली, मागच्या पाच वर्षांत, ठाणे, नवी मुंबई आणि मिरा-भाईंदर-वसई-विरार या तीन आयुक्तालयांकडून अभियोग मंजुरीचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, किती पडून आहेत, आणि पडून असलेल्यांतला सर्वांत जुना कोणत्या तारखेचा. जोडपत्र ‘अ’चा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. मसुदा मी टाइप करून ठेवला आहे. ज्यांनी त्या मेसेजला अंगठा दिला त्यांनीही मागून घ्यावा, नाव फक्त आपलं घालायचं.